मुक्या वाद्याचा जीर्णोद्धार

वज्रेश्वरीस जाणारी मंडळी बहुधा अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान, देवीचे दर्शन आणि तानसेच्या काठी फराळ एवढे उरकून दिवेलागणीपूर्वी परततात. परवा आम्ही सहकुटुंब गेलो होतो, तेव्हा नगारखान्याजवळ पायऱ्यांवर थोडे रेंगाळलो. हे देऊळ नवसाचे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीस नवस केला, १७३९ च्या मे महिन्यात किल्ला हाती आला आणि नवस फेडण्यासाठी हे देऊळ उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. नगारखाना मात्र बडोद्याच्या गायकवाडांनी बांधविला, असे सांगतात. एकाने देवीस घर दिले. दुसऱ्याने त्या घरास नाद दिला.

हे ऐकून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “देवीच्या नादाची काळजी राजांनी वाहिली. आपल्या माळ्यावरच्या पेटीची कोणी वाहायची?”

आम्ही निरुत्तर झालो. घरातील जुनी पायपेटी कित्येक वर्षे माळ्यावर पडून आहे. भात्याचे कातडे फाटले, उंदरांनी आतले कापड कुरतडले, दमट हवेने पट्ट्या फुगल्या. दर दिवाळीस दुरुस्तीची गोष्ट निघते आणि खर्चाचा आकडा ऐकून पुढल्या दिवाळीवर जाते. ती वाजवू शकणाऱ्या घरात आता एकट्या आत्याबाई उरल्या आहेत, आणि त्यांची बोटेही पूर्वीसारखी वळत नाहीत.

तोड सुचविली आमच्या पुतण्याने. तो काही वर्षे अमेरिकेत होता. तिकडे चर्चमधील जुना ऑर्गन थकला की त्याच्या दुरुस्तीसाठी लोक मैफल भरवितात, आणि एखादी मैफल चक्क बेसबॉलच्या खेळाभोवती गुंफतात! देवघरात चेंडूफळी, असे म्हणून आम्ही प्रथम हसलो. परंतु त्याने समजावून सांगितले, तेव्हा त्यातील मर्म ध्यानी आले. त्या खेळात दोन्ही पक्षांचे नऊ नऊ गडी आणि नऊ डाव असतात. सातव्या डावाच्या मध्यंतरात सारे प्रेक्षक उभे राहून १९०८ साली निघालेले खेळाचे एक गाणे एकमुखाने म्हणतात. १९४१ मध्ये शिकागोच्या रिग्ली मैदानावर ऑर्गन वाजला आणि पुढे हे वाद्य त्या खेळाचेही सोबती झाले. म्हणजे जो कधी चर्चची पायरी चढला नाही, त्याच्याही कानी ऑर्गनचा सूर मैदानावर पडलेला असतो. त्याला त्याच ओळखीच्या वाटेने आत आणावयाचे!

अशी युक्ती करावी लागते, कारण ऑर्गनचा प्रपंच मोठा. भात्यातून वारा यावयाचा, तो शेकडो लहानमोठ्या नळ्यांत खेळावयाचा, आणि कोठे एका ठिकाणी कातडे विरले तरी सूर बिघडावयाचा. घंटेचे तसे नव्हे. वसईच्या मोहिमेनंतर तिकडच्या चर्चमधील घंटा नाशिकास नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरास गेल्या, आणि तेथे त्या आजही टांगलेल्या दिसतात. धर्म बदलला, गाव बदलले, तरी घंटेचे काही अडले नाही. भात्याच्या वाद्यास मात्र रोज हात लागला पाहिजे. जपून ठेवले की ते मरते.

खेळाची ईर्ष्या आणि संगीत यांची सांगड आपल्यासही परकी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. ‘गंधर्व’ आणि ‘ललितकलादर्श’ या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक, बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एका रंगभूमीवर उभे राहिले. हे भामिनी, ते धैर्यधर. आज कोण कोणावर मात करतो, हे पाहण्याच्या ओढीने गर्दी लोटली. ईर्ष्येने लोक आत आले आणि फंड भरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. तो योग पुढच्या वर्षावर टाकला असता, तर कधीच आला नसता.

ही तारीख आठवली आणि आम्हांस आमच्या साऱ्या दिवाळ्या आठवल्या. वर्गणीची यादी फिरविली की माणूस खिसा चाचपतो. सामना मांडला की तोच माणूस वेळेपूर्वी येऊन बसतो. आणि ज्याने हसत दोन रुपये टाकले, तो त्या वाद्याचा धनी होतो. पुढे ते वाजते की नाही, याची चौकशी करतो.

परतीच्या वाटेवरच बेत ठरला. येत्या कोजागरीस आमच्या गच्चीवर नऊ डावांची मैफल होईल. एक पक्ष आत्याबाईंचा, जुन्या नाट्यपदांचा. दुसरा मुलांचा, त्यांना रुचेल त्या गाण्यांचा. सातव्या डावानंतर लहानथोर सर्वांनी उभे राहून आरती म्हणावयाची, आणि तबकात जमेल ते पेटीच्या भात्यासाठी. आत्याबाईंनी अट एकच घातली आहे: हरणाऱ्या पक्षातील एकाने दुरुस्त पेटीवर रोज अर्धा तास त्यांच्यापाशी शिकावयास बसावे.

मुलांचा पक्ष हरावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.