तिकीट स्वस्त झाले. बिंदुनामावली कुठे गेली?

६ डिसेंबर २०२५ ची पहाट. आसनगाव स्थानकावर पांढऱ्या कपड्यांतील माणसांची गर्दी झाली होती. शहापूर तालुक्यातील खेड्यापाड्यांतून निघालेली ही माणसे दादरला, चैत्यभूमीकडे चालली होती. मुरबाडकडची मंडळी एस.टी.ने कल्याण गाठून पुढे येणार होती, कारण मुरबाड तालुक्यात रेल्वे अजून गेलेलीच नाही. लोकलच्या डब्यात एकाच्या हातात वर्तमानपत्र होते. त्यात विमानतळाचा फोटो! बॅगांचे ढीग आणि फरशीवर आडवे झालेले प्रवासी. आदल्या एका दिवसात इंडिगो या देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली होती. शेजारी बसलेल्या एका आजींनी तो फोटो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे विमानवाल्यांचं दुखणं. आपल्याला काय त्याचं? आपली गाडी चालू हाय ना!"

डबा हसला. मीही हसलो. पण आजींचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तानसा आणि भातसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांना टँकर, हे आम्हाला पाठ झाले आहे. तसेच हे आकाश. विमाने रात्रंदिवस डोक्यावरून जातात, आम्ही मान वर करून बघतो. ती कुणाची, त्यात काम कुणाला मिळते, तिकीट कोण ठरवते, हे विचारायचे आमच्या मनातही येत नाही. चळवळीच्या माणसाने ते विचारले पाहिजे, म्हणून आजचा हा विषय.

आधी थोडा इतिहास. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली विमानसेवा सुरू केली. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स व परदेशासाठी एअर इंडिया अशी दोन महामंडळे उभी राहिली. चाळीस वर्षे त्यांचीच मक्तेदारी होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या खाउजाच्या वाऱ्यात जेट, सहारा अशा कंपन्या आल्या. त्याही महागच. खरा धक्का २००३ मध्ये बसला. कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' तिचे बोधचिन्ह झाला आणि एक रुपयाच्या तिकिटाची देशभर चर्चा झाली. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो.

या स्वस्त सेवेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, बुद्धगयेच्या दर्शनाला गयेला विमानाने जाऊन आलेली माणसे आज आमच्याही तालुक्यात भेटतात. आखातात नोकरीला गेलेली मुले दोन वर्षांनी घरी येतात ती विमानानेच. जुन्या काळी हे शक्य नव्हते. आणि त्या जुन्या 'महाराजा'साठी अश्रू ढाळण्याचेही कारण नाही. मंत्री, सचिव आणि बडे साहेब यांच्या सोयीसाठी ती सेवा वाकवली गेली. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्यावर तोटा आणि कर्ज वाढतच गेले. त्यात लोडरचा, सफाई कामगाराचा काय दोष होता?

आता मुख्य मुद्दा. स्वस्त कंपनीला तिकीट स्वस्त देता येते, ते कशाच्या जोरावर? विमाने सगळे जवळजवळ त्याच दोन कारखानदारांकडून घेतात, एअरबस किंवा बोइंग. इंधन त्याच तेल कंपन्यांचे, आणि आपल्या देशात खर्चाचा सर्वात मोठा वाटा त्याचाच असतो. म्हणजे बचत करायला जागा थोडी. एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे सुटे भाग आणि वैमानिकांचे प्रशिक्षण एकाच प्रकारचे. जेवण फुकट द्यायचे नाही. विमान उतरले की अर्ध्या तासात पुन्हा उडवायचे, कारण जमिनीवर उभे असलेले विमान भाडे खाते. इथपर्यंत ही शहाणपणाची व्यापारी गोष्ट आहे. उरलेली बचत माणसांकडून येते. सामान चढवणे, सफाई, ढकलगाडी अशी जमिनीवरची कामे ठेकेदाराला द्यायची आणि वैमानिक, कर्मचारी मोजूनमापून ठेवायचे.

जुन्या कंपनीत हीच कामे करणारा माणूस सरकारी उपक्रमाचा नोकर होता. या वृत्तपत्राच्या वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बिंदुनामावली होती. अखिल भारतीय भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि १९९३ नंतर ओबीसींना २७ टक्के जागा राखीव होत्या. अनुशेष राहत होता, तो भरून घ्यायला संघटनांना भांडावे लागत होते, हेही खरे. पण भांडायला कागद होता! कलम १६(४) होते, संपर्क अधिकारी होता, आयोगाकडे तक्रार होती. स्वस्त आणि महाग यांच्या या स्पर्धेत तो कागदच फाटला. जी कंपनी आरक्षण पाळते तिने, जी पाळत नाही तिच्याशी बाजारात लढायचे, आणि हरली की सगळा दोष सरकारी मालकीचा म्हणायचे! हा न्याय कुठला?

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. किंमत १८,००० कोटी रुपये. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकी १५,३०० कोटींचे कर्ज टाटांनी पत्करले. आणि उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज? ते सरकारच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर टाकले गेले. म्हणजे रोजच्या सामानावर कर भरणाऱ्या आमच्या आजींच्याही वाट्याला ते आलेच. विक्रीच्या वेळी १२,०८५ कर्मचारी होते, त्यांतले ४,००१ कंत्राटी. पहिले वर्षभर कुणाला काढायचे नाही अशी अट होती. पुढच्या भरतीत आरक्षण राहील, अशी अट मात्र नव्हती.

वकील म्हणून मला यातली एक गोष्ट जास्त झोंबते. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा खटल्यात, पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीला घरी बसवण्याचा एअर इंडियाचा नियम घटनाबाह्य ठरवला. समतेचे कलम १४ त्या कंपनीला लागू होते, कारण कलम १२ च्या अर्थाने ती 'राज्य' होती. आता दुसरा खटला पाहा. एअर इंडियातील काही कर्मचारी पगार व पदोन्नती रखडल्याची तक्रार घेऊन २०११ ते २०१३ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचे प्रकरण सुनावणीला येईपर्यंत कंपनी विकली गेली होती. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने आणि १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कंपनी आता 'राज्य' राहिलेली नाही, तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही. दुसऱ्या मंचाकडे जा. कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्यासारखा आहे. पण त्यातून काय झाले ते लक्षात घ्या. अन्याय झाला तेव्हा ती कंपनी 'राज्य' होती. तक्रार केली तेव्हाही होती. दाद मिळायची वेळ आली आणि मालक बदलला!

मुरबाडकडचा एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे आला होता. विमानतळावर सामान चढवण्याचे काम करतो. एकच काम, एकच जागा, पण गळ्यातले ओळखपत्र तीनदा बदललेले, कारण ठेकेदार तीनदा बदलला. दर वेळी नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची. त्याने मला विचारले, "साहेब, माझा मालक कोण?" मी त्याची कागदपत्रे चाळली. तिन्ही ठेकेदारांच्या करारात विमान कंपनीचे नाव कुठेच नव्हते. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कालिना येथे सामान चढवण्या-उतरवण्याच्या अशाच कामासाठी थेट मुलाखती होत्या, तेव्हा हजारो तरुणांची झुंबड उडाली होती. ती भरती सरकारकडेच राहिलेल्या कंपनीची होती, तरी नोकरी ठरावीक मुदतीच्या कराराचीच. एवढी भूक आहे या कामाची.

बरे, निदान तिकीट तरी कायम स्वस्त राहील? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये, गोएअरचे नाव बदलून झालेली गो फर्स्ट २०२३ मध्ये. एअर डेक्कन किंगफिशरच्या पोटात गेली होती. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आज इंडिगो आणि टाटांचा समूह मिळून देशातील दर दहा प्रवाशांतील जवळपास नऊ जण नेतात. स्वस्त कंपनीने श्रीमंतांसाठी वेगळ्या आसनांचा वर्ग काढला, महाग कंपनीने स्वतःची स्वस्त शाखा ठेवली. स्पर्धा म्हणतात ती आता या दोन घरांची.

त्याचे फळ डिसेंबरमध्ये दिसले. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तासांची सलग विश्रांती आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा, असा नवा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. तो अचानक आला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयात त्याची वाटचाल सुरू होती, कंपन्यांना तारखा माहीत होत्या. तरी इंडिगोकडे वैमानिकांचे नियोजन पुरे पडले नाही. मग ५ डिसेंबरला सरकारने काय केले? रात्रीच्या कामाच्या नियमातून त्या कंपनीला १० फेब्रुवारीपर्यंत सवलत दिली. थकलेल्या माणसाची विश्रांती मागे घेऊन गाडा पुढे ढकलला! बाबासाहेब मजूरमंत्री असताना बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. कामगाराची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, हा त्यामागचा विचार. त्यांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी ही सवलत निघावी, याला योगायोगच म्हणू.

आणि भाडे? उरलेल्या विमानांची तिकिटे नेहमीच्या कितीतरी पट झाली. शेवटी ६ डिसेंबरला सरकारला मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. म्हणजे सरकारला भाडे ठरवता येते, ठरवायचे नसते इतकेच. आमची एस.टी. बघा. खिळखिळी आहे, वेळेवर येत नाही, मुक्कामाची गाडी कधी कधी येतच नाही. पण गर्दी बघून कंडक्टरला ऐनवेळी तिकीट तिप्पट करता येत नाही. बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तेही नाही. आणि भरतीत बिंदुनामावली आहे. वडापवाला दोन रुपये कमी घेतो म्हणून एस.टी. बुडू द्या, असे म्हणणाऱ्यांनी हे हिशेबात धरावे.

राहिला प्रश्न, करायचे काय. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आपण वर्षानुवर्षे मोर्चात करतो. पण महाराष्ट्रात एक दार अर्धवट उघडे आहे, तिकडे फार कुणी पाहिलेले नाही. राज्याचा आरक्षण कायदा २००१ चा, अंमल २९ जानेवारी २००४ पासून. त्यात 'आस्थापना'च्या व्याख्येत शासन अनुदानित संस्था येतात, आणि त्याच्या स्पष्टीकरणात सवलतीच्या दराने शासकीय जमीन किंवा इतर आर्थिक सवलत मिळालेले उद्योगही येतात. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमान इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. ही आर्थिक सवलत नाही तर काय आहे? नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. त्यात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. तिथल्या नोकऱ्यांना हे स्पष्टीकरण का लागू नये?

समोरून उत्तर येणार, हे मला माहीत आहे. हा कायदा लोकसेवांपुरता, विमान वाहतूक केंद्राच्या यादीत, कर सवलत सरसकट सगळ्यांना. या आक्षेपांत दम आहे. पण ते न्यायालयात मांडले जावेत, त्यावर लेखी निकाल यावा. आज आपण प्रश्नच विचारलेला नाही, तर उत्तर कोण देणार?

त्यासाठी आधी आकडे हवेत. राज्याच्या वित्त विभागाकडे मागायचे की, या सवलतीमुळे २०२३ पासून किती महसूल सोडला. सिडकोकडे मागायचे की, विमानतळाच्या करारात आरक्षणाचा आणि स्थानिकांच्या भरतीचा उल्लेख कोणत्या कलमात आहे. कामगार विभागाकडे मागायचे की, विमानतळांवर काम करणाऱ्या किती ठेकेदारांची नोंदणी आहे. शहापूर-मुरबाडच्या बेरोजगार तरुणांनी हे अर्ज आपापल्या नावाने करावेत. महार-बौद्ध, कातकरी, ठाकूर, कुणबी, आगरी सगळ्यांनी करावेत, कारण गेलेल्या जागा सगळ्यांच्या आहेत. अर्जाचा नमुना माझ्या कार्यालयात मिळेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मात्र स्वतःचा आणावा. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही लागत नाही.