विश्लेषण : मांजराचे पिल्लू दत्तक देताना घाई का नको?

पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत जिन्याखाली, गाडीखाली पिल्ले सापडतात. कुणी तरी ती घरी आणते आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकते: 'कुणाला हवे का?' चूक इथूनच सुरू होते. आई बऱ्याचदा अन्न शोधायला गेलेली असते. आधी लांबून वाट पाहावी. ती खरोखर नसेल, तर चार आठवड्यांखालच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे लागते. गायीचे दूध नको. त्याने जुलाब होतात आणि एवढासा जीव पाहता पाहता सुकतो. मांजरांच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच द्यावी. पाजताना पिल्लू पोटावर असावे, उताणे नाही.

तात्पुरता सांभाळ म्हणजे आठ आठवड्यांपर्यंतचे हेच दिवस. ते काढायला घरे तयार नसतात, म्हणून पहिला मागेल त्याला पिल्लू दिले जाते. खिडक्यांना जाळी आहे का, घरमालकाची हरकत नाही ना, हे विचारायचाही संकोच वाटतो. खरे तर उत्तर पटले नाही, तर सरळ नकार द्यावा. नसबंदीचा विषय तर निघतच नाही. मादी चार-पाच महिन्यांत वयात येऊ शकते आणि गाभण राहिल्यावर नऊ आठवड्यांत व्याते. घाईने दिलेले पिल्लू वर्षाच्या आत कुठल्या तरी जिन्याखाली स्वतःची पिल्ले घेऊन बसलेले असू शकते.