सागवान लिलावात, भुसा आमच्या माथी!



सॉर्टिंग हॉलमधले टेबल ही शोभेची वस्तू नव्हे. त्यावर दिवसभर थैल्या रिकाम्या होतात, पार्सले आदळतात, शिक्के ठोकले जातात. पार्सल ऑफिस, रनिंग रूम, शेडमधले टाइम ऑफिस, सगळीकडे तीच गोष्ट. टेबल डगमगले की काम अडते. उंची चुकली की कंबर जाते. तरीही आपल्या माथी मारली जातात ती पार्टिकल बोर्डाची चकचकीत टेबले. लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेला हा बोर्ड पावसाळ्यात कडेने ओल शिरली की फुगतो, आणि एकदा ढिला झालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. दुरुस्तीचा प्रश्नच नाही!

त्याच वेळी दुसऱ्या दाराने काय बाहेर जाते? कंडम डब्यांतल्या, जुन्या रॅकच्या, मोडीत काढलेल्या कपाटांच्या सागवानी फळ्या आणि अँगलचे सांगाडे. २०२१ पासून दर ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या कार्यालयांत स्वच्छतेची विशेष मोहीम चालते. भंगार विकून किती पैसे आले, किती जागा मोकळी झाली, हे मोजले जाते. विकलेल्या मालातून किती टेबले झाली असती, हे मात्र कोणी मोजत नाही. सागवान विकायचे आणि भुसा विकत घ्यायचा, हा कसला हिशेब?

प्रशासन नियम दाखवते. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील नियम १४९ प्रमाणे जेम पोर्टलवर मिळणारी वस्तू तिथूनच घ्यावी लागते. मान्य. पण तो नियम खरेदीचा आहे. आपल्या मालातून, आपल्या कारखान्यात, आपल्या माणसांनी केलेले टेबल ही खरेदी कशी?

मग म्हणतात, घरचे काम महाग पडते. कारागिराची मजुरी तेवढी धरायची आणि वस्तू किती वर्षे टिकली ते सोडून द्यायचे, असा हिशेब केला तर महागच पडणार! आणि कसब नाही म्हणाल, तर १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात आपल्याच कारागिरांनी इंजिन बांधले. माटुंग्याचा कॅरेज कारखाना १९१५ पासून डबे दुरुस्त करतो आहे. त्या परंपरेला चार पायांचे टेबल जड जाईल?

काम तरी केवढे? सहा फूट बाय अडीच फूट टेबलाला ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल सुमारे ११ मीटर लागतो, म्हणजे ३३-३४ किलो लोखंड. गंज तारेच्या ब्रशने काढा. चौकट आधी टाके मारून धरा, दोन्ही कर्ण सारखे आहेत का मोजा, मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने पक्के वेल्ड करा. खाली मागच्या व दोन्ही बाजूंना आडवे अँगल, कोपऱ्यांत तिरपे आधार, वर रेड ऑक्साइड व रंग. फळ्यांतले खिळे काढा, चुंबक फिरवून खात्री करा, मग रंधा मारा. फळ्या बोल्टने बसवताना अँगलची भोके लांबट ठेवा. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, त्याला जागा हवी. बसून कामाला ७५ सेंटिमीटर, उभ्याने कामाला ९० च्या आसपास उंची ठेवा.

मात्र भंगार म्हणून काहीही वापरू नका. डांबराचा वास येणारे काळे स्लीपर क्रिओसोटचे असतात; कर्करोगाचा धोका असलेला हा पदार्थ बंद खोलीत नको. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो ओला करून, मास्क लावून खरवडा. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड तसेच वेल्ड करू नका, त्या धुराने ताप भरतो. आणि लेखी परवानगीशिवाय एक पट्टीही उचलू नका! रेल्वे मालमत्ता (अवैध कब्जा) कायदा १९६६ चा आहे. साहेबाचा तोंडी हुकूम कोर्टात कामाला येत नाही.

म्हणूनच आपली मागणी कागदावर हवी. लिलावापूर्वी कामाचे लाकूड आणि अँगल वेगळे काढून त्याची यादी करा. प्रत्येक विभागात त्यासाठी एक कार्यशाळा नेमा. सुतार आणि वेल्डरची रिकामी पदे भरा, ठेकेदार नको. शिकाऊ उमेदवारांना हे काम शिकवा. आरएमएसची किती तरी कार्यालये स्थानकांच्या आवारातच आहेत. त्यांनाही टेबले रेल्वेच्या कार्यशाळेतून मिळोत.

शाखांनी पुढच्या बैठकीत मोडकी टेबले आणि लिलावाला निघालेला माल, दोन्हींची यादी समोरासमोर ठेवावी. त्या दोन याद्यांपुढे प्रशासनाला उत्तर द्यावेच लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!