बनगरवाडीची माणसे पुढे कुठे गेली?



जिल्हा मेळाव्याच्या अंकात सिनेमावर लेख पाहून काहीजण नाक मुरडतील. कापसाच्या भावाचे बोला, हे कसले चोचले, म्हणतील. भावाचेच बोलणार आहोत. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

मागच्या महिन्यात पुण्याजवळ वाघोलीला आपल्याच भागातल्या पोरांच्या खोलीवर आम्ही मुक्कामाला होतो. कुणी बांधकामावर, कुणी गोदामात. एका खोलीत सातजण. रात्री जेवणे झाल्यावर एकाने मोबाईलवर 'बनगरवाडी' लावला. संपल्यावर दुसरा म्हणाला, "वाडी ओस पडली इथवर दाखवलं. माणसं गेली कुठं, ते का नाही दाखवलं?" आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. आज देतो आहोत.

आधी हा चित्रपट करणाऱ्यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. मूळ कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 सालची. माडगूळकर माणदेशातल्या माडगुळ्याचे. तरुणपणी त्यांनी त्याच मुलखात शाळामास्तरकी केलेली. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर नेमलेला पोरसवदा मास्तर त्यांनी लिहिला, तो ऐकीव माहितीवर नव्हे. मेंढरे कशी चालतात, ज्वारी कशी उभी राहते आणि कशी करपते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यात कुठे उसने रडणे नाही.

चाळीस वर्षांनी, 1995 मध्ये, अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला. पालेकर मुंबईचे. 'रजनीगंधा' आणि 'गोलमाल'मुळे देशाने त्यांना शहरातला साधा नोकरदार म्हणून ओळखले. असा माणूस धनगरवाडीवर जातो तेव्हा दोनपैकी एक होते: एक तर तो गावाला देव्हाऱ्यात बसवतो, नाहीतर गावाची कीव करतो. पालेकरांनी यातले काही केले नाही. पुस्तकाच्या चालीने चालले, मेंढरामागून चालावे तसे.

माणसेही नेमकी निवडली. कारभारी केला चंद्रकांत मांढरे यांनी. कोल्हापूरच्या जुन्या मराठी सिनेमाचा हा नायक, हाडाचा चित्रकार, तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. गावातले म्हातारे न ओरडता सगळ्या वाडीला कसे ताब्यात ठेवतात, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मास्तर झाले चंद्रकांत कुलकर्णी, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या नाट्यचळवळीतून आलेले. विदर्भातल्या एका वाड्याची पडझड सांगणारी महेश एलकुंचवारांची तीन नाटके, 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', त्यांनीच 1994 मध्ये एकत्र रंगमंचावर आणली होती. अंजी अधिश्री अत्रे यांनी केली. कॅमेरा देबू देवधरांचा, संगीत वनराज भाटियांचे. त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच होता.

एक प्रसंग आपल्या सभांतून सांगितला पाहिजे. शेकूला बैल उरत नाही, आणि त्याची बायको बैलाच्या जागी जुवाला खांदा लावते. शहरातल्या प्रेक्षकाला यात बाईचे सोसणे दिसते. ते आहेच. पण कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात हिशेबही दिसतो. वाफसा चार-सहा दिवसांचा. ओल उडाली की बी उगवत नाही, मग बैल आला काय आणि न आला काय. त्या बाईने खांदा दिला तो सबंध हंगामासाठी. शेती शिकताना आम्ही जमिनीतल्या ओलाव्याचे तक्ते पाठ केले, पण चार दिवसांची ओल म्हणजे काय ते कळायला हा प्रसंग जास्त उपयोगी पडला.

आता पोराच्या प्रश्नाकडे येऊ. पाऊस जातो, चारा संपतो, वाडी ओस पडते आणि कथा थांबते. माडगूळकरांकडून तक्रार नाही. त्यांनी त्यांच्या काळातली, संस्थानातली वाडी लिहिली. तक्रार पाहणाऱ्याविषयी आहे. शेतकरी उठला तो पाऊस पडला नाही म्हणून, एवढेच डोक्यात घेऊन शहर घरी जाते. त्या समजुतीतून टँकर येतो, पॅकेज येते, भाव येत नाही.

मार्च 2012 मध्ये कापसाची निर्यात एका हुकमाने बंद झाली. त्या दिवशी आभाळात काही बिघडले नव्हते. ओरड झाल्यावर बंदी मागे घ्यावी लागली, पण ज्याने त्या दिवसांत माल विकला त्याचे पैसे परत आले नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये, आपला कापूस बाजारात यायच्या तोंडावर, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले. बाहेर जायचे दार बंद, आत यायचे उघडे. हा दुष्काळ कॅमेऱ्यात आलेला नाही.

आणि उठलेली माणसे कुठे जातात, तर वाघोलीसारख्या ठिकाणी. विदर्भ-मराठवाड्याची गाडी नगर रस्त्याने पुण्यात शिरते ती इथूनच. दगडखाणी आणि क्रशरचे हे गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेले. डिसेंबर 2024 मध्ये इथल्या केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघे गेले, त्यांत दोन लहान मुले होती. ती माणसे कामासाठी अमरावती जिल्ह्यातून, कापसाच्या मुलखातून, आलेली होती. बातमी दोन दिवस चालली. डंपरचा चालक, त्याची दारू, याची चर्चा झाली. अमरावतीहून इथे पदपथावर का यावे लागते, हे कुणी विचारले नाही.

तो उत्तरार्ध कोण करणार? 'बनगरवाडी'मागे दूरदर्शन आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होते. सरकारी पैशाने चांगला चित्रपट होतो हे त्याने दाखवले. पण सरकारच्या धोरणावर बोट ठेवणारी गोष्ट सरकारच्या पैशावर किती लांब जाईल? दुसरी वाट आहे. 1976 चा 'मंथन' गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन काढला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, संगीत याच वनराज भाटियांचे. निर्माता म्हणून नाव शेतकऱ्यांचे. 2024 मध्ये तो कान महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

म्हणून या मेळाव्यापुढे आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत मुक्कामाच्या रात्री 'बनगरवाडी' दाखवा, आणि नंतर तासभर बोला. आधी बायांना बोलू द्या. दुसरे, गाव सोडून गेलेल्या एका तरी घराची हकीकत प्रत्येक गावाने वहीत उतरवावी: किती एकर, कोणत्या वर्षी, काय भावाने विकले, कुठे गेले. तिसरे, विकलेल्या कापसाच्या क्विंटलमागे 2 रुपये बाजूला ठेवायचे आणि त्याचा हिशेब दर बैठकीत वाचून दाखवायचा. ज्वारीवाल्यांनी जमेल ते द्यावे.

सिनेमाने भाव मिळत नाही, हे आम्हालाही कळते. भाव लढूनच मिळेल. पण भाव ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले चित्र कोणते आहे, हा त्याच लढाईचा भाग आहे.

वाघोलीच्या त्या पोराला आम्ही सांगून आलो आहोत, वही त्याच्या घरापासून सुरू करू. तो दिवाळीला गावी येणार आहे. त्याच्या आत वही आणा.