गुरांचा डॉक्टर हवा आहे!

बारावीचा आणि त्यापाठोपाठ 'नीट' परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला एमबीबीएसला प्रवेश मिळेल काय? न मिळाल्यास दंतवैद्यक, तेही हुकल्यास आयुर्वेद किंवा होमिओपथी. आणि या उतरत्या पायऱ्यांवर तळाशी कुठेतरी पशुवैद्यकाचे नाव निघते. 'निदान नावाआधी डॉक्टर तरी लागेल', असे म्हणून बाप स्वतःचे समाधान करून घेतो आणि मुलगा खाली मान घालून अर्ज भरतो. पशुवैद्यकीय शिक्षणाचे जे दुर्दैव आहे, त्याचा उगम या खाली घातलेल्या मानेत आहे, असे आम्हांस वाटते.

माणसाच्या वैद्यकाचे शिक्षण गोव्याला नवे नाही. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ सालची. गुरांच्या वैद्यकाची गोष्ट मात्र वेगळी. मुंबईला परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या मुलाला ही पदवी घेण्यासाठी मुंबईची, नाहीतर कर्नाटकाची वाट धरावी लागली. ज्या प्रदेशात शेतीच्या जोडीला एखादी गाय वा म्हैस बाळगणे ही जुनी रीत, तेथे तिचा वैद्य घडविण्याची सोय घराजवळ नसावी, ही गोष्ट भूषणावह नव्हे. तेव्हा बाहेर जाऊन शिकून येणारा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी लाखमोलाची आहे, आणि म्हणूनच ती कोणत्या भावनेने जाते हा प्रश्न केवळ तिच्या घरचा राहत नाही.

हा अभ्यासक्रम सोपा आहे, असा एक गोड गैरसमज आहे. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता, अशी एकूण साडेपाच वर्षे त्यासाठी द्यावी लागतात. एमबीबीएसचा विद्यार्थी एकाच प्राण्याचे शरीर शिकतो. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, घोडा, कुत्रा आणि कोंबडी या साऱ्यांची शरीररचना, त्यांचा आहार, त्यांचे रोग आणि त्यांची प्रसूती शिकावी लागते. आणि यातला एकही रुग्ण 'कुठे दुखते' हे सांगत नाही! जे बोलत नाही त्याचे दुखणे ओळखणे ही विद्या दुय्यम कशी?

या विद्येची खरी परीक्षा महाविद्यालयाच्या दालनात होत नाही. सत्तरी किंवा सांग्यातील एखाद्या गोठ्यात, मुसळधार पावसाच्या रात्री, कंदिलाच्या किंवा टॉर्चच्या उजेडात ती होते. नुकतीच व्यालेली भरपूर दुधाची गाय संध्याकाळी लटपटते आणि खाली बसते. कान थंड पडतात, मान एका कुशीवर वळते. घरची माणसे बाहेरची बाधा म्हणून नारळ काढतात. वस्तुतः तो दुधीज्वर असतो. रक्तातील चुना एकाएकी उतरलेला असतो. जाणता डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडतो, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतो, आणि मेली म्हणून सोडलेली गाय बहुधा काही तासांत उठून उभी राहते. तो डॉक्टर पोहोचला नाही तर पहाटेपर्यंत त्या घराचा हप्ता, मुलांचे दूध आणि वर्षभराची उमेद एकदमच आडवी होते. विमा असला तरी विम्याचे पैसे दुसऱ्या दिवशी दूध देत नाहीत.

आणि लाभ केवळ गोठ्याचा होतो असेही नाही. २०१५ साली सत्तरीत माकडतापाने माणसे दगावली, तेव्हा रानात मरून पडणारी माकडे हीच धोक्याची पहिली घंटा आहे, हे साऱ्यांनाच कळून चुकले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून घोषित झाला, तो गावोगाव हिंडून कुत्र्यांना टोचलेल्या लसीमुळे. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध किती दिवस विकू नये, हे गवळ्याला सांगणारा माणूसही हाच. जनावराचा डॉक्टर हा असा माणसाच्या आरोग्याचा पहिला पहारेकरी आहे.

यावर कोणी म्हणेल, शिकून बाहेर पडलेले तरुण गोठ्याकडे फिरकतात कोठे? ते शहरात श्वानचिकित्सालय थाटतात. आम्ही त्यांना दोष देणार नाही. कुत्र्यामांजरांवर उपचार करणे हेही पुण्यकर्मच आहे आणि पोट प्रत्येकाला आहे. पण तरुणाने गोठ्याकडे यावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी आधी त्याची सोय पाहिली पाहिजे. आडगावच्या चिकित्सालयात राहण्याची जागा, रात्रीअपरात्री जाण्यासाठी वाहन, हाताशी औषधे आणि वेळच्या वेळी भरलेली पदे, एवढे दिल्याशिवाय सेवाभावाचा उपदेश करण्याचा अधिकार शासनाला पोहोचत नाही. त्याचबरोबर पदवीधराच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करणारे पदविकाधारक साहाय्यक कायद्याला मान्य आहेत. पदवीचे महाविद्यालय उभारणे मोठ्या खर्चाचे. पण असे साहाय्यक येथल्या येथे घडविणे छोट्या राज्यालाही झेपण्यासारखे आहे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना मात्र आमचे एक सांगणे आहे. अर्ज भरण्यापूर्वी महिनाभर गावच्या सरकारी पशुचिकित्सालयात जाऊन उभे राहा. डॉक्टरांची पिशवी धरा, शेणामुताच्या वासात वावरा, अडलेल्या गाईच्या पोटातून आडवे आलेले वासरू हात घालून कसे फिरवतात ते पाहा. त्या दृश्याने ज्याला किळस येईल त्याने खुशाल दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा नाही. पण ते वासरू पहिला श्वास घेताना ज्याचे डोळे पाणावतील, त्याने पशुवैद्यकाचे नाव यादीत सर्वांत वर लिहावे, आणि मान ताठ ठेवून लिहावे. गोठ्याला हुकलेला डॉक्टर नको आहे. ठरवून आलेला डॉक्टर हवा आहे.