शाहिराचे घर आणि झीलकरी

‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. शाहीर साबळे यांच्या जीवनावरील या चित्रपटाचे दिग्दर्शक त्यांचे नातू केदार शिंदे. शाहिरांच्या पत्नी भानुमतीबाईंच्या भूमिकेत पणती सना शिंदे. घरचा इतिहास घरच्यांनी सांगावा, यात वावगे काहीच नाही. प्रश्न एवढाच की, लोकसंगीत हे एका घराचे धन असते काय?

मी दरबारी गवयाचा मुलगा. आमच्याकडे चीज बापाकडून मुलाकडे जाई, परक्याला ती सहसा मिळत नसे. लोकगीताची रीत निराळी. साबळे १९२३ साली वाईजवळच्या पसरणीत जन्मले. पण त्यांनी घरोघरी पोहोचविलेले ‘विंचू चावला’ हे भारूड संत एकनाथांचे आहे, आणि नाथांचे पैठण १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते! ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या त्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमात वासुदेव, गोंधळी, कोळी या साऱ्यांची गाणी एकत्र आली. पडद्यावर शाहीर झालेले अंकुश चौधरी पूर्वी त्याच लोकधारेत उभे राहत. म्हणजे वारसा रक्ताने चालला, तसाच ताफ्यानेही चालला.

अमेरिकेतही हेच दिसते. तेथील ग्रामीण संगीताचे आद्य घराणे कार्टर कुटुंबाचे. १९२७ साली ब्रिस्टल येथे त्यांची गाणी प्रथम मुद्रित झाली. त्यांच्यावर संगीत नाटकही झाले आहे. ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडून गाण्यांचे शब्द टिपून घेत. चाली ध्यानात ठेवी तो लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय वादक. ध्वनिमुद्रिकांवर नाव लागले ते कार्टरांचे.

आपल्या शाहिरामागे झील धरणारे, ढोलकी-तुणतुणेवाले यांची गत याहून फारशी वेगळी नाही. आबिड्सच्या माझ्या शिकवणीत येणाऱ्या मुलांना भारूड भेटते ते पडद्यावरच, म्हणून ते त्यांना सिनेमाचेच गाणे वाटते. आपल्या मंडळांनी शाहिरीचा कार्यक्रम ठेवला, तर पत्रिकेवर प्रत्येक साथीदाराचे नाव छापावे आणि गाण्याआधी ते कोणाचे, कोठले, हे सांगावे. खर्च काहीच नाही. शिक्षकांनीही बंदिशीइतक्याच निगुतीने भारूड शिकवावे. एवढे झाले नाही, तर आपल्या मुलखातला नाथ आपल्याच नातवंडांना परका होईल.