लळिंगच्या घाटात टर्बो का रुसला?



या वेळी एक पत्र आलंय धुळ्याच्या देवपुरातून. लिहिणारा आठवीत आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं त्यानं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून छापत नाही. पण पत्र तुम्हां सर्वांच्या आणि तुमच्या आईबाबांच्याही उपयोगाचं आहे. वाचा तर मग :

‘अडीच वर्षांपूर्वी बाबांनी एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. साध्या इंजिनाची गाडी स्वस्तात मिळत होती. पण दुसऱ्या गाडीच्या मागं ‘टर्बो’ असं लिहिलेलं पाहिलं आणि मी हट्टच धरला. मागच्या महिन्यात ताईची नाशिकला परीक्षा होती. पहाटे निघालो. लळिंगच्या घाटात गाडी दमायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पळेना, मागून निळा धूर यायला लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली. आई आणि ताई हात दाखवून एस.टी.त बसल्या. ताईचा पेपर चुकला नाही, एवढंच नशीब! गाडी ओढून परत आणली. मेकॅनिककाका म्हणाले, टर्बो गेला. खर्चाचा आकडा ऐकून बाबा दोन दिवस गप्प होते. मी हट्ट केला नसता तर हे झालं नसतं ना? चूक माझीच का?

ता. क. : गाडी आम्ही फार फिरवत नाही. दोन वर्षांत आठ हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत. म्हणून ऑईल बदललं नव्हतं.’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटीच देणार आहे. आधी हा टर्बो म्हणजे काय प्रकरण आहे ते बघू.

इंजिनाला भूक हवेची

गाडी पेट्रोलवर चालते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण १ किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ १५ किलो हवा लागते, हे ठाऊक होतं का? म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची! सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली सरकतो तेव्हा हवा आत ओढली जाते. जेवढी हवा आत जाईल तेवढंच पेट्रोल जाळता येतं. जास्त ताकद हवी असेल तर सिलिंडर मोठे करा, हा झाला सरळ उपाय. पण इंजिन मोठं झालं की जड होतं आणि सावकाश चालतानाही जास्त पेट्रोल पितं.

मग इंजिन लहानच ठेवून त्यात हवा कोंबली तर? तेच काम टर्बो करतो. आणि गंमत अशी, की त्यासाठी लागणारं बळ तो कचऱ्यातून मिळवतो! पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. या धुराच्या वाटेवर एक छोटं चाक बसवलेलं असतं. जत्रेतलं भिरभिरं फुंकर मारली की फिरतं, तसंच हे चाक गरम धुराच्या झोतानं फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात पाठवतं. झाला टर्बो!

ही कल्पना आजची नाही बरं का. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

आकडे काय सांगतात?

आपल्या देशातलीच उदाहरणं घेऊ. टाटांच्या टियागो गाडीत रेव्होट्रॉन नावाचं साधं पेट्रोल इंजिन असतं. सिलिंडर ३, एकूण आकार ११९९ सीसी. म्हणजे एकेक सिलिंडर ४०० सीसीचा, अर्ध्या लिटरच्या पिशवीतल्या दुधापेक्षाही कमी. त्याची ताकद ८६ अश्वशक्ती आणि चाकं फिरवायचा जोर ११३ न्यूटन-मीटर. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनमध्ये जवळजवळ एवढंच, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, पण टर्बोवालं. त्याची ताकद १२० अश्वशक्ती आणि जोर १७० न्यूटन-मीटर! महिंद्रांची नाशिकला बनणारी एक्सयूव्ही थ्री-एक्स-ओ बघा. इंजिन ११९७ सीसीचं आणि जोर २०० न्यूटन-मीटर. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत तर ९९९ सीसीचं इंजिन आहे, तरी ताकद ११५ अश्वशक्ती आणि जोर १७८ न्यूटन-मीटर.

शिवाय हा जोर इंजिन सावकाश फिरत असतानाच, मिनिटाला १७५० फेऱ्यांच्या आसपास मिळू लागतो. म्हणून अशी गाडी घाट सहज चढते.

पण आकडे ११९७, ११९९ असेच का? १२०० च्या अलीकडेच का थांबतात? कारण आहे कर! ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना आपल्याकडे २००६ सालापासून कमी कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीवर ४० टक्के. मग आकार न वाढवता ताकद वाढवायची तर टर्बोसारखा दोस्त नाही.

पण दोस्त आहे नाजूक

तुमच्या घरातला पंखा जोरात फिरतो तेव्हा मिनिटाला साधारण ३५० फेऱ्या मारतो. टर्बोचा दांडा किती मारत असेल? दीड लाख, कधी त्याहूनही जास्त! म्हणजे सेकंदाला अडीच हजार. एका बाजूला ९०० अंशांच्या घरातला तापलेला धूर आणि दुसऱ्या बाजूला थंड हवा. या सगळ्यांत दांड्याला आधार कशाचा? इंजिन ऑईलच्या पातळ थराचा. दांडा त्या तेलावर अक्षरशः तरंगत असतो. तेल जुनं झालं, मळकं झालं, कमी पडलं, की धातूला धातू घासतो. मग टर्बो शिट्टी घालायला लागतो, तेल गळून जळायला लागतं आणि मागून निळा धूर येतो.

आता देवपूरच्या पत्रातला ता. क. पुन्हा वाचा. ‘गाडी फिरली नाही, म्हणून ऑईल बदललं नाही.’ इथंच गोम आहे! गाडीच्या पुस्तिकेत ऑईल बदलण्याविषयी दोन आकडे असतात, इतके किलोमीटर ‘किंवा’ इतके महिने, जे आधी होईल ते. पुष्कळ गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असं असतं, काहींना थोडं कमीजास्त. आपण किलोमीटर मोजतो आणि महिने विसरतो.

खरं म्हणजे कमी फिरणाऱ्या गाडीचं तेल लवकर नासतं. घरून निघालो, पांझरेचा पूल ओलांडून बाजारात गेलो, पिशवी भरून परत आलो, की झाली फेरी. एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात मिसळते. लांबच्या प्रवासात ती उडून जाते, पण दोन किलोमीटरच्या फेरीत तशीच राहते. तेल हळूहळू पातळ आणि गढूळ होतं.

आणखी चार दुखणी

एक : घाट चढून किंवा भरधाव येऊन लगेच इंजिन बंद करणं. टर्बो तेव्हा लालबुंद तापलेला असतो. तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेलं तेल करपून त्याची काजळी धरते, बुडाशी लागलेल्या दुधासारखी! हल्ली बऱ्याच गाड्यांत टर्बोला पाण्यानंही थंड करतात. तरी अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवून मग बंद करावं.

दोन : धूळ. खानदेशातला उन्हाळा आणि वावटळी काय सांगाव्यात! एअर फिल्टर चोंदला तर टर्बोला श्वास घेता येत नाही. फाटका असेल तर धुळीचे कण त्या वेगानं फिरणाऱ्या पात्यांवर आपटतात.

तीन : उष्णता. सायकलचा पंप हातात घ्या, तोंडावर बोट धरून वीस-पंचवीस वेळा भराभर दाबा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागतं ना? हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते. म्हणून दाबलेली हवा इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून मग इंजिनात सोडतात. मे महिन्यात धुळ्यात ४४ अंश असताना बाहेरचीच हवा हिवाळ्यातल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा साधारण दहाव्या हिश्श्यानं विरळ असते. त्यातून इंटरकूलरवर चिखल किंवा पालापाचोळा असेल तर गाडी आणखी मंदावते.

चार : रबरी नळ्या. दाबलेली हवा त्यांतूनच येते. एखादी चिरली किंवा निसटली, की ‘फुस्स’ आवाज येतो आणि ताकद जाते. तेव्हा ताकद गेली म्हणजे टर्बोच गेला असं समजू नका. आधी नळ्या बघायला सांगा. नळी टर्बोपेक्षा फार स्वस्त असते!

जुनी गोष्ट, तोच धडा

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची गाडी निघाली. टर्बो असलेल्या पहिल्या पेट्रोल गाड्यांपैकी ती एक. तिचं इंजिन काही लहान नव्हतं, पण पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. मालक भरायचे विसरत. टाकी रिकामी झाली की गाडीचा जोर कमी होई आणि लोक गाडीला नावं ठेवत. पुढं बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून टाकले गेले. बघा, यंत्र हुशार होतं, पण त्याला काय हवं ते मालकांच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर

देवपूरच्या मित्रा, मी तुझी गाडी पाहिलेली नाही. पण निळा धूर आणि दोन वर्षांचं जुनं तेल, एवढ्यावरून बोट कुठं जातं ते दिसतंच. तू टर्बो मागितलास ही चूक नाही. टर्बो वाईट नसतो. आणि बाबांवरही रागावू नकोस. दोन पैसे वाचवावेत म्हणूनच त्यांनी तेल पुढं ढकललं. साध्या इंजिनालाही जुनं तेल बाधतं, पण ते बिचारं बरेच दिवस सोसतं. टर्बो सोसत नाही, एवढाच फरक. ही गोष्ट तुम्हांला गाडी घेताना कुणी सांगितली नव्हती.

आता तू एक काम अंगावर घे. घरातल्या कॅलेंडरवर ऑईल बदलल्याची तारीख लिही आणि पुढच्या तारखेला लाल खूण कर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद असताना, बाबांना बरोबर घेऊन तेलाची कांडी ओढा. पुसा, परत घाला, पुन्हा ओढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. रंग काळपट दिसला म्हणून घाबरू नका, तो थोड्याच दिवसांत होतो. पातळी झपाट्यानं उतरत असेल किंवा वर चढत असेल, तर मात्र मेकॅनिककाकांना गाठा. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेनं भाजतं.

बाकीच्यांनी आज संध्याकाळी आपल्या गाडीची पुस्तिका शोधून काढा. ऑईलपुढं किती किलोमीटर आणि किती महिने लिहिलेत, आणि मागच्या वेळी कधी बदललं होतं, ते बाबांना किंवा आईला विचारा. किती घरांत महिन्यांचा आकडा कुणाला आठवतच नव्हता, ते मला पत्रानं जरूर कळवा!